चार सोसायट्या आणि एक ओडी लिस्ट

१ सप्टेंबर, सोमवार
पाचवं सेम सुरू. टेक्निकल सोसायटीची सेक्रेटरी मी. रोबोटिक्स क्लबची जॉइंट सेक्रेटरी मी. महिला विभागाची को-ऑर्डिनेटर मी. एनएसएसची ग्रुप लीडर मी. मिनी प्रोजेक्टची टीम लीडर कोण, हे विचारायलाच नको. शिवाय अभ्यास.
आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गातल्या बाकीच्यांना एक काम धड होत नाही. निम्मी पोरं मागच्या बाकावर डोकं टेकायला येतात. किळस येते.
टाइमटेबल तयार केलं. पहाटे पाच ते सात कंट्रोल सिस्टिम्स, पिवळा रंग. संध्याकाळी सोसायट्या, गुलाबी. प्रोजेक्ट हिरवा. रंगवायला वेळ लागला, त्यात सकाळची तीन लेक्चर्स गेली. पण पाया पक्का हवा.

२ सप्टेंबर, मंगळवार
आठ वाजता जाग आली. पाचचा अलार्म रेणुकानं बंद केला. रेणुका म्हणजे माझी रूममेट, वर्गातलीच, प्रोजेक्टलाही माझ्याच टीममध्ये. म्हणते, पंधरा मिनिटं वाजायलता, अख्खं हॉस्टेल उठलं, तूच न्हाई उठलीस. असल्या वातावरणात अभ्यास कसा व्हायचा?
हॉस्टेलचा उपमा. शी.

९ सप्टेंबर, मंगळवार
राजशेखर सरांनी नियम सांगितला. सर आम्हाला कंट्रोल सिस्टिम्स शिकवतात आणि टेक्निकल सोसायटीही त्यांच्याकडेच आहे. हजेरी पंच्याऐंशी टक्के पाहिजे. त्याच्या खाली गेलं की शॉर्टेज. शॉर्टेज लागलं की त्या विषयाच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि पुढच्या सेममध्ये बेंगळूरच्या कंपन्या येतील तेव्हा मुलाखतीच्या यादीतून नाव कट.
पण सोसायटीच्या कामासाठी तास बुडले तर ओडी मिळते. ऑन ड्यूटी. सेक्रेटरीनं कोण, कुठल्या तारखेला, कुठल्या तासाला गैरहजर, याची लिस्ट करायची. सरांची सही घ्यायची, ऑफिसात द्यायची. ज्याला पाहिजे त्यानं आपला वेगळा फॉर्म दिला तरी चालतो म्हणे. कोण देतंय! एकेकाला स्वतःचा रोल नंबर पाठ नाही. सगळ्यांची हजेरी आता माझ्या हातात.
जबाबदारीचं काम आहे. आवडलं.

१५ सप्टेंबर, सोमवार
इंजिनिअर्स डे. सव्वीस व्हॉलंटियर, मी सत्ताविसावी. बाकीचे खुर्च्या लावत होते, माइक जोडत होते, पाहुण्यांना आणत होते. मी बॅनरच्या अक्षरांचा टाइप ठरवत होते. बॅनर कार्यक्रम संपल्यावर आला. छापणाऱ्याला वेळेची किंमत नाही. या देशाचं काही होणार नाही.
ओडी लिस्ट उद्या.

१६ सप्टेंबर, मंगळवार
अंग दुखतंय. लिस्ट परवा. उद्या सुट्टी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
रेणुकानं विचारलं, लिस्ट दिलीस का? सांगितलं, करतेय. मग सुनीलकुमारनं विचारलं, तोही आमच्या प्रोजेक्टमध्ये आहे. मग आणखी चौघांनी. काय भिकाऱ्यासारखं मागे लागतात! सगळ्या कार्यक्रमांची एकदमच देईन, कोरी, स्वच्छ, टाइप केलेली. तुकड्यातुकड्यात काम करणं मला जमत नाही. दर्जा म्हणून काही असतो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
प्रोजेक्ट मीटिंग. विषय माझा: शेतातली ओल कमी झाली की मोटार आपोआप चालू. अप्पांचं मुडबीला शेत आहे, त्यामुळे शेतीचा अनुभव टीममध्ये फक्त मला. सुनीलकुमार सर्किट करतोय, रेणुका प्रोग्राम लिहितेय. बाकीचं सगळं मी. म्हणजे पहिली स्लाइड.
त्यांनी मला न विचारता सेन्सर विकत आणला. लीडरला विचारायची पद्धत नाही. सांगितलं तसं. रेणुका म्हणाली, तीनदा फोन लावली, तू उचलली न्हाईस. मी महिला विभागाच्या मीटिंगमध्ये होते. म्हणजे जाणार होते.

८ ऑक्टोबर, बुधवार
पहिल्या इंटर्नलचे मार्क. कंट्रोल सिस्टिम्स पन्नासपैकी चौदा. सरांनी अक्षर बघून मार्क दिलेत. रेणुकाला एकेचाळीस. ती एकाही सोसायटीत पदावर नाही, तिला काय, वेळच वेळ.
नवं टाइमटेबल केलं. पिवळा रंग संपला, म्हणून कंट्रोल सिस्टिम्स तूर्त बाजूला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
सुनीलकुमारनं इंजिनिअर्स डेचे फोटो मागितले. स्वतःचे, तारखेसकट. काय ही फोटोची हौस! प्रत्येकाला मिरवायचं आहे. पाठवून दिले. संध्याकाळपर्यंत आणखी अकरा जणांनी मागितले. खरंच शिसारी आली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
एक चांगली गोष्ट. आठवडा झाला, लिस्टबद्दल कोणी विचारलं नाही. रेणुकासुद्धा नाही. शेवटी विश्वास बसला माझ्यावर. नेतृत्व म्हणतात ते हेच.

१ नोव्हेंबर, शनिवार
कर्नाटक राज्योत्सव. झेंडावंदन, मिरवणूक. स्टेजवर सूत्रसंचालन मी करणार होते, कन्नडमधून. पाठही केलं होतं. आयत्या वेळी दुसरीला दिलं, कारण मी पावणेदहाला पोचले आणि कार्यक्रम नऊचा होता. माझी कन्नड तिच्यापेक्षा चांगली आहे, हे दुकानदारसुद्धा सांगतील. राजकारण सगळं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
प्रोजेक्टचा डेमो. कुंडीतली माती वाळली, मोटार चालू झाली. टाळ्या. मग परीक्षकांनी मला विचारलं, सेन्सरची वायर बोर्डवर कुठे जोडली? मी सांगितलं की लीडर म्हणून मी मोठं चित्र बघते. ते म्हणाले, बरं, त्या चित्रात वायर कुठाय?
असले प्रश्न विचारून मुलांचं मन मोडतात.
बाहेर आल्यावर रेणुका पुटपुटली, नाचता येईना अंगण वाकडं. कोणाबद्दल म्हणाली ते विचारायचं राहिलं. बहुतेक परीक्षकांबद्दल.

२४ नोव्हेंबर, सोमवार
बोर्डावर हजेरी लागली. कंट्रोल सिस्टिम्स: अठ्ठेचाळीस तास, हजर एकोणतीस. साठ टक्के. रेणुकाचे डोळे मोठे झाले. मला काही वाटलं नाही. माझे चौदा तास ओडीचे आहेत. एकोणतीस आणि चौदा त्रेचाळीस. जवळजवळ नव्वद टक्के! घाबरणाऱ्यांची कीव येते.

५ डिसेंबर, शुक्रवार
लिस्ट करायला बसले. सव्वीस जणांच्या तारखा कुठे लिहून ठेवल्यात ते सापडेना. हिरव्या वहीत होत्या. हिरवी वही एनएसएसच्या पिशवीत. पिशवी कोणाकडे? या कॉलेजात वस्तू जागेवर ठेवायची शिस्तच नाही.

११ डिसेंबर, गुरुवार
पिशवी माझ्याच पलंगाखाली होती. कोणी ठेवली कोण जाणे.
नोटीस: ओडीचे सगळे कागद १८ तारखेपर्यंत. ऑफिसातले बसवंतप्पा क्लार्क मला बघून म्हणाले, अक्का, हजेरीचं पोर्टल बंद झालं की मग काय बी चालत न्हाई बघ. १८ म्हणजे २०. ऑफिसची तारीख कायम दोन दिवस पुढे जाते. मला तीन वर्षांचा अनुभव आहे.

१५ डिसेंबर, सोमवार
आईचा फोन. शुक्रवारी येळवस हाय, येणार न्हवं? येळवस म्हणजे आमच्याकडची अमावस्या, शेतातच पूजा आणि शेतातच जेवण. मी म्हटलं, जमत नाही, कॉलेजची मोठी जबाबदारी आहे. ती म्हणाली, सगळे शेतात जायलेत, तू एकटी तिथं कामून बसायलीस? आई शेतावर सगळ्यांना घालायला दहा प्रकारच्या भाज्यांची भज्जी करते, आंबील करते, आणि मी तिथे बसून वर्षाचा एक दिवस वाया घालवायचा. नाही.
मग डोक्यात प्रकाश पडला. येळवसेला अख्खा बीदर जिल्हा शेतात. म्हणजे शुक्रवारी ऑफिसात लाइन नाही, गर्दी नाही. सरळ आत, सही, शिक्का, बाहेर. हे सुचायला डोकं लागतं.

१८ डिसेंबर, गुरुवार
लिस्ट टाइप झाली. चार पानं, सव्वीस नावं, शेवटी माझं. बघतच राहावं अशी झालीय. संध्याकाळी रेणुका पिशवी भरत होती. विचारलं, गावाला? म्हणाली, न्हाई, उद्या एके ठिकाणी शेतावर. माझ्याकडे बघत काहीतरी सांगणार होती. मग म्हणाली, तुझी ओडी झाली न्हवं? मी फाइल वर करून दाखवली. ती नुसती फाइलकडे बघत बसली. चार पानं कोणी एवढी सुंदर केलेली पाहिली नसतील.

१९ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी दहा. कॉलेजला कुलूप.
वॉचमन काशप्पा गेटवर एकटाच बसून भाकरीची पुरचुंडी सोडत होता. म्हणाला, येळवस हाय अक्का, आज कोण येतंय इथं? मी विचारलं, राजशेखर सर? म्हणाला, ते जनवाड्याला, शेतात.
लाइन नव्हती, एवढं माझं बरोबर होतं.
सही तर पाहिजेच. जनवाड्याची बस पकडली. टोपल्या, घागरी, पोरंबाळं, पाय ठेवायला जागा नाही. एका बाईच्या मडक्यातली आंबील फाइलवर सांडली. ती म्हणाली, शुभ असतंय. पहिल्या पानावरची सात नावं आंबट झाली.
विचारत विचारत सरांच्या शेतात पोचले. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, आत चुना लावलेले पाच दगड, पूजा झालेली. बाहेर पंगत बसलेली. सर डोक्याला टॉवेल बांधून वाढत होते. पंगतीत सुनीलकुमार. शेजारी रेणुका. पुढे बघत गेले, तर टेक्निकल सोसायटी बसली होती. सव्वीसच्या सव्वीस.
सर म्हणाले, ये ये मंजुश्री, उशीर केलीस, बस आधी. मी म्हटलं, सर, आधी सही, या सगळ्यांच्या वर्षाचा प्रश्न आहे. फाइल पुढे केली. सरांनी हात पुसले, चारही पानं बघितली. म्हणाले, यांचं ऑक्टोबरातच झालंय की. एकेकजण आपला फॉर्म आणि फोटो देऊन गेलाय. तुझाच तेवढा न्हाई आला. मला वाटलं, सेक्रेटरी हाय, आपलं आधी केली असेल.
मी म्हटलं, मग माझी आज करा. ते म्हणाले, काल संध्याकाळी पोर्टल बंद झालंय गं. माझ्या हातात असतं तर इथंच दिलो असतो सही.
कोणी हसलं नाही. सगळे आपापल्या पत्रावळीकडे बघत होते. हसले असते तर मी भांडले असते, ते मला जमतं. आज किळस आली ती कोणाची, ते इथेसुद्धा लिहवत नाही.
रेणुकानं सरकून जागा केली. हळूच सांगितलं की ऑक्टोबरात त्यांनी वेगळा ग्रुप काढला होता, फॉर्म भरायला. आजचं बोलावणंही त्यावरच आलं. म्हणाली, तुला घ्यायचं होतं, पण तू रागावतीस म्हणून कोणी हिंमत केली न्हाई. मग म्हणाली, मी विचारायला पाहिजे होतं गं परत. तिचे डोळे भरले होते. माझी चूक आणि रडायला ती.
सरांच्या बायकोनं वाढलं. जेवले. भज्जी दोनदा घेतली. लाज वाटत होती, खूप, पण भूकही होती.

२० डिसेंबर, शनिवार
काही नाही.

२१ डिसेंबर, रविवार
अप्पांना फोन लावला. त्यांनी विचारलं, कंपन्या कधी येणार? म्हटलं, फेब्रुवारीत. ते म्हणाले, मग तू बेंगळूरला जायच्या आधी एकदा ती मोटारीची मशीन आपल्या शेतात लावून दे. बरं म्हटलं. वायर कुठे जोडतात ते रेणुकाला विचारावं लागेल. बाकीचं सांगितलं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार
अकरा वाजता ऑफिसात गेले, काही होतंय का बघायला. काही होत नाही. बसवंतप्पांच्या एका हाताला पट्टी होती, येळवसेला शेतात विळा लागलेला. म्हणाले, अक्का, तू सोसायटीची, तुला टायपिंग येतंय, एवढी एक नोटीस करून दे, आजच लावायचीय.
शॉर्टेजची लिस्ट होती. पाचवं सेम, इलेक्ट्रॉनिक्स, कंट्रोल सिस्टिम्स. एकूण विद्यार्थी: एक. माझंच नाव मी टाइप केलं, रोल नंबरसकट. विभागप्रमुखांची सही आणली, शिक्का मारला, बोर्डावर चार टाचण्या लावल्या. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.
बसवंतप्पांनी बोर्डाजवळ येऊन नोटीस वाचली. मग म्हणाले, मनावर घेतलीस तर किती लवकर करतीस बघ की.