ड्रायव्हरच्या रकान्यातलं काम

कुरुळी,
रविवार

प्रिय बुद्धभूषण,

सप्रेम जय भीम. तू सेलूला परत गेल्याला सात महिने झाले. या काळात चार वेळा फोन केला आणि चारही वेळा पाऊसपाणी, आमच्या रोहिणीचे गुडघे, चाकणच्या चौकातली कोंडी एवढंच बोललो. जे बोलायचं होतं ते तोंडातून निघालं नाही, म्हणून लिहायला बसलोय. डाव्या डोळ्याला फार तर उजेड-अंधार कळेल, असं डॉक्टर म्हणाल्याचं तुझ्या दिव्याने कळवलं. उजव्याचं तिने लिहिलंच नाही. मीही विचारलं नाही.

भोसरीच्या ऑफिसात तुझी खुर्ची अजून तशीच आहे. तुझ्या जागी आलेला निरंजन हुशार आहे, पण पान्याला कधी हात न लावलेला. त्याला पाहिलं की तुझा पहिला दिवस आठवतो. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये अठरा वर्षं काढून तू आला होतास आणि मी गावच्या शाळेतला, आयटीआय करून टेबलाला चिकटलेला. लष्कराला द्यायच्या नव्या गाडीचं कोणतं काम कुणी करायचं, याचा तक्ता आपल्याला करायचा होता. मी गोंधळलो होतो. तू म्हणालास, सोपानराव, त्यात काय अवघड आहे. ड्रायव्हरनं बघायचं, पुसायचं, तेलपाणी करायचं आणि बिघडलं तर वर सांगायचं. वर्कशॉपनं खोलायचं, बदलायचं. त्याच्याही पलीकडचं मोठ्या डेपोला पाठवायचं. ज्याच्याकडे हत्यार नाही, त्याच्या गळ्यात काम बांधायचं नाही.

दोन वर्षं आपण एका डब्यात जेवलो आणि एकेका कामापुढे कोणत्या ना कोणत्या रकान्यात खूण करत गेलो. मी ड्रायव्हरचा रकाना भरत सुटलो की तू हसायचास. राव, तुमच्या ड्रायव्हरला हात किती हायेत, एकदा मोजून घ्या.

भांडलो ते एकाच कामावरून. त्या गाडीच्या चाकाला सुटी लोखंडी कडी असते. पंक्चर काढून हवा भरताना ती नीट बसली नसेल तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते. म्हणून चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायची, आणि पिंजरा असतो वर्कशॉपमध्ये. तू खूण वर्कशॉपच्या रकान्यात केलीस. आपल्या साहेबांचं म्हणणं, ड्रायव्हर जितकं जास्त स्वतः करेल, तितकी गाडी लष्कराला चांगली दिसेल. त्यांनी सांगितलं आणि मी खूण ड्रायव्हरकडे सरकवली. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

चाचणीत ड्रायव्हरची सगळी कामं ड्रायव्हरच्याच हत्यारांनी करून दाखवायची होती, आणि करणारा होतास तू. तू तक्ता वाचलास, माझ्याकडे पाहिलंस, कडी दोनदा ठोकून पाहिलीस. मी अगदी जवळ उभा होतो. मागं सर रे, म्हणालास आणि चाकात हवा भरायला लागलास. कडी उडाली ती तुझ्या तोंडावर. माझ्या अंगावर एक ओरखडाही नाही, बुद्धभूषण.

चौकशीत लिहिलं गेलं, वर्कशॉपचं काम उघड्यावर केलं, कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. अठरा वर्षांत ज्याच्या नावापुढे एक लाल शेरा नाही, त्या माणसाबद्दल. मी मान खाली घालून ऐकलं. परवा दिव्याचा निरोप आला, काका, पप्पा सारखं एकच विचारतात, तो रकाना मी चुकीचा वाचला का? जेवताना विचारतात, झोपेतही विचारतात.

तुला दवाखान्यात नेलं त्या दुपारी मी गाडीत बसलो नाही, ऑफिसात गेलो. तक्ता उघडला आणि चाकाची खूण परत वर्कशॉपच्या रकान्यात नेऊन ठेवली. जुना कागद फाडला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चौकशीपुढे तोच तक्ता गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा भैरवनाथाला गेलो, फूल वाहिलं आणि मागितलं ते हे, की तुला काही आठवू नये. तुझे डोळे मागायचं सुचलं नाही. देवाने ऐकलं म्हणावं तर तसंच झालं, तुझा स्वतःवरचाच विश्वास उडाला. काल हे सगळं सहीनिशी लिहून साहेबांना आणि चौकशीवाल्यांना दिलं, त्याची प्रत सोबत आहे. माझं जे व्हायचं ते होईल. तुझ्याकडे माफी मागत नाही, ती देण्याचं ओझंही तुझ्यावर नको. दिव्या, बाळ, इथपर्यंत वाचून तू पत्र खाली ठेवलं असशील. पाणी पी, पण पुढची ओळ त्याला आजच वाचून दाखव. रकाना तू बरोबर वाचला होतास.

तुझाच म्हणायला धजावत नाही असा,
सोपान