दक्षाच्या गाडीवरचं छप्पर

॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

झरी, ता. ४ फेब्रुवारी २०२४

चि. दक्षास मुकेशदादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मध्येच बोलणं तोडलंस, परत लावला तर उचलला नाहीस. म्हणून कागद घेऊन बसलो आहे. हा फाडलास तरी आधी वाचावा लागेल.

काल तलासरीच्या बाजारात तुमच्या नरपडचा चिकूवाला बाळ्या भेटला. हसत हसत विचारतो, तुमची बहीण आता गाडीत राहायला जाणार म्हणे, भावाच्या घरात जागा नाही का. चार माणसांत विचारलं. मिरचीची रोपं घ्यायला गेलो होतो, ती न घेताच घरी आलो.

दिपकराव गेल्यावर त्यांची छोटी पिकअप विकू नकोस, असं मीच तुला सांगितलं होतं. ते तुझ्या पोटापाण्यासाठी. तिचे बाजूचे फाळके काढून, हौद्यावर पत्र्याची खोली बसवून, तिचं छप्पर वर-खाली करत त्यात झोपण्यासाठी नव्हे. मसोलीच्या लाहू वेल्डरने तुला मोबाइलवर परदेशातल्या असल्या गाड्या दाखवल्या आणि तू भुललीस. ते लोक हौसेने जंगलात जाऊन झोपतात, हौस फिटली की घरी परततात. तू कुठे परतणार?

गाडी ही गाडी, ती घर नव्हे. माझी बहीण कापडाच्या भिंतीआड झोपणार आणि मी कौलाखाली बसून देवापुढे दिवा लावणार, हे मला जमणार नाही. शिलाई मशीन उचल आणि झरीला ये. तुझ्या वहिनीने, रूपीने, पडवीचा कोपरा सारवून ठेवला आहे.

राग धरलास तर धर, पण त्याच हाताने लोभही धरून ठेव.

तुझा दादा,
मुकेश


नरपड, ता. ९ फेब्रुवारी

ती. मुकेशदादास दक्षाचा सा. न. वि. वि.

पत्र पोहोचलं. फाडलं नाही. वहिनीला सांग, पडवीच्या कोपऱ्यात कोंबड्या झाकायला हरकत नाही.

हे गेल्यावर मी तुझ्याकडे आले होते ना? तू म्हणालास, आतल्या खोलीत कुळाचे देव आहेत, दिलेली मुलगी दुसऱ्या कुळाची, तिने तिथे झोपू नये. मी वळकटी उचलली. पडवीत झोपले. मग भात घरात आलं, कणगीला जागा हवी झाली, आणि माझं मशीन अंगणात गेलं. वर ताडपत्री टाकलीस, एवढी माया केलीस. मी देवांना चालत नाही हे तू त्यांना कधी विचारलंस, मला ठाऊक नाही. मग परत इथे दिरांच्या घरी आले, तर आता त्यांची सून येते आहे, माझी खोली तिला लागणार. त्यांनी ते तोंडावर सांगितलं. त्यात देवांना ओढलं नाही.

मग मी काय करायचं? बाजाराच्या दिवशी तलासरी, बाकीचे दिवस पाड्यांवर ब्लाउज नि शाळेचे गणवेश शिवते. मशीन वाहायला गाडी माझीच आहे. रोज परक्याच्या खोलीत परतण्याऐवजी मी खोलीच बरोबर नेते. लाहूभाऊंनी पत्र्याचा डबा हौद्याला बोल्टांनी आवळला आहे. छप्पर खाली केलं की गाडी चिकूच्या खोक्यांनी भरल्यासारखी दिसते. वर केलं की मला आत ताठ उभं राहता येतं. डबा नि छप्पर यांच्यामधल्या कापडी भिंती मी शिवल्या आहेत, दुहेरी टीप मारून. आणि मी रस्त्याकडेला झोपणार नाही. ज्यांचे कपडे शिवते त्या बायका आपल्या अंगणात गाडी लावू देतात. पडवी दाखवत नाहीत.

मी कुठे परतणार, हे तू बरोबर विचारलंस. म्हणूनच तर करते आहे.

राग निवळल्यावर लोभ पाठव. तोवर माझं अडलेलं नाही.

दक्षा


नरपड, ता. १७ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार. साष्टांग या खेपेला नाही.

आज मसोलीला गेले तर काम बंद. लाहूभाऊ मान खाली घालून बसलेले. तू परवा येऊन मोठा भाऊ म्हणून त्यांना हुकूम सोडलास आणि त्यांनी ऐकला. गाडी माझ्या नावावर, भिंती माझ्या हातच्या, आणि हुकूम तुझा. मी भांडले तर म्हणतात, ताई, भावाने नको म्हटलेल्या छपराला मी हात लावणार नाही.

त्यांना काय बोलू? आपल्याकडे बहिणीच्या घरावर छपराचं आढं चढतं तेव्हा भाऊ नारळ घेऊन येतो, त्याचा हात लागल्याशिवाय आढं वर जात नाही. पण तूच लिहिलंस, ही गाडी आहे, घर नव्हे. गाडी असेल तर तुझा हुकूम चालत नाही, कारण गाडी माझी. घर असेल तर तुझा मान आहे, पण मग घर म्हण आणि भावाचं काम कर. एका तोंडाने दोन्ही बोलू नकोस.

लाहूभाऊ सांगत होते, तू गाडीखाली शिरून कितीतरी वेळ भार पेलणारे पाटे बघत होतास, कपडे ग्रीसने भरले. बंदच पाडायचं होतं तर पाटे कशाला बघितलेस?

पंचवीस तारखेला, रविवारी, मी छप्पर चढवणार. कुणी हात लावला नाही तर जॅक लावून एकटी चढवीन.

लोभाचं आज लिहीत नाही.

दक्षा


॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

झरी, ता. २० फेब्रुवारी

चि. दक्षास आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं रूपीने मोठ्याने वाचली. देवांना कधी विचारलंस, त्या वाक्यावर थांबली आणि ते पुन्हा वाचलं, मला ऐकू जावं म्हणून. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. मी मागितलं नाही.

माझा राग गेलेला नाही. बाळ्याला काय उत्तर द्यायचं तेही सुचलेलं नाही. देवांचं म्हणशील तर वडिलांनी सांगितलं ते मी पाळत आलो. आता सकाळी दिवा लावायला बसलो की तुझं ते वाक्य मध्ये येतं, नामस्मरण चुकतं. त्याचाही तुझ्यावर राग आहे.

पाटे बघितले, कारण बघावेच लागतात. मशीन तू मागच्या दाराशी ठेवणार म्हणे, उजेड येतो म्हणून. वजन मागच्या चाकांच्याही मागे गेलं की पुढची चाकं हलकी होतात, चढावर स्टिअरिंग हाताला लागत नाही. मशीन केबिनच्या पाठीशी ठेव, पाण्याचा ड्रम तिच्याशेजारी, मागे फक्त अंथरूण. उजेडासाठी केबिनकडच्या भिंतीला खिडकी शिव. बोल्ट नुसत्या हौद्याच्या पत्र्याला आहेत, खड्ड्यांनी पत्रा फाडतील. ते खाली चासीच्या सांगाड्यापर्यंत घ्यायला लाहूला फोन करून सांगितलं आहे. शिव्या देऊनच सांगितलं, म्हणजे त्याला पटलं. आजपासून तो कामाला लागतो आहे.

रविवारी पहिल्या एसटीने मसोलीला येतो. रूपीही येते म्हणते. मी पोहोचेपर्यंत छप्पर खालीच राहू दे, जॅकला हात लावू नकोस.

तोंडावर भांडायचं काय ते तेव्हा भांडू, लोभाचंही तेव्हाच बघू. नरपडला नारळांना तोटा नाही, ठाऊक आहे. तरी तू घेऊ नकोस. मी झरीहून आणतो आहे.

मुकेशदादा