पुन्हा बोरूचंच छप्पर

प्रिय आस्गर,

मागच्या पत्रात मी लिहिलं की आमच्या घरावर कौलं घालायला परवानगी मिळाली. ते चुकीचं होतं. नगरपालिकेकडून आली होती ती फक्त अर्ज मिळाल्याची पोच. बाबांनी ती इतक्या आनंदाने वाचून दाखवली, की मी स्वतः बघायचं राहून गेलं. आमचं बोरूच्या गवताचं छप्पर शाकारायला म्हणून तू उन्हाळाभर थांबणार होतास. माझं पत्र वाचून तू हॉलंडच्या कामाला होकार दिला असशील, या धास्तीने मला जेवण जाईना.

खरा निकाल सोमवारी आला. कौलांना नकार. आमच्या गल्लीतली घरं आहेत तशी जपायची, म्हणून बोरूच्या छपराच्या जागी बोरूचंच छप्पर हवं. आणि तसंच घालायचं असेल तर परवानगी लागतच नाही.

मला हवं तेच निघालं, म्हणून मलाच संशय आला. अर्ज मी लिहिला होता. मनात नकार धरून तो कच्चा तर लिहिला नाही? नगरपालिकेतल्या बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, इतका नेटका अर्ज आमच्याकडे क्वचित येतो. कसाही लिहिला असतास तरी उत्तर हेच होतं. आता ठेव फोन, माझी कॉफी गार होतेय." मी फोन ठेवला आणि दाराच्या पायरीवर बसून रडले, हायसं वाटून.

बाबा दिवसभर फुगून होते. "म्हणजे छपरावर पाखरांची खानावळ चालूच ठेवायची," एवढंच बोलले. काल मात्र राय धान्याचा काळा पाव आणि हेरिंग मासा खाताना त्यांनीच विषय काढला. "त्या तुझ्या लांबड्याला बोलाव. उत्तरेची बाजू गळतेय. पण सांग त्याला, शिडीवरून स्वयंपाकघरात डोकावायचं नाही. कुंपण दुरुस्त करायला आला होता तेव्हा अर्धा दिवस तेच चाललं होतं." मला वाटायचं, त्यांचं लक्ष नसतं.

छपराचं काम उन्हाळ्यात उरकेल. तेवढंच सांगायचं असतं तर बाबांनीच फोन केला असता. काम संपल्यावरही तू इथेच राहावंस, माझ्याबरोबर, हे मला विचारायचं आहे. आणि ते पत्रातून नाही, कारण उत्तर देताना तुझा चेहरा मला बघायचा आहे. तोवर हॉलंडला जाऊ नकोस. मंगळवारी, बारा मेला, सकाळच्या पहिल्या फेरीबोटीने मी तुझ्याकडे एस्बियर्गला येते आहे.

तुझीच,
थीरा