जिवंतपणी दिलेलं नाव

४ मार्च १९६३, सोमवार

तिर्झाला मुलगी झाली. माझ्या एकुलत्या एका लेकीला! आणि मला कळलं कुणाकडून, तर खालच्या मजल्यावरच्या फेगाकडून, पावाच्या रांगेत. "नाव नेहामा ठेवतायत म्हणे," ती बोलून गेली आणि लगेच तोंडावर हात.

नेहामा. म्हणजे मी!

आम्हा विल्नाच्या ज्यू लोकांत नाव देतात ते गेलेल्या माणसाचं. जित्या माणसाचं नाव बाळाला देणं म्हणजे त्याला कबरीत ढकलणं. तिर्झाला हे पक्कं ठाऊक आहे. सीरियातल्या हलबच्या त्या रहामीमशी लग्न करू नकोस म्हटलं, तर दोन वर्षं माझा उंबरा शिवली नाही. आता जिवंतपणी मातीत घातलं मला.

५ मार्च

तसं हे नाव मला कधी गोड लागलंच नाही. नेहामा म्हणजे सांत्वन. थोरला भाऊ लेइब गेला आणि वर्षाच्या आत मी झाले, म्हणून हे नाव. मी मुलगी कुठली, जखमेवरची पट्टी! आई मला कुशीत घ्यायची आणि त्याच्यासाठी रडायची. माझी वेणी भिजायची.

७ मार्च

शनिवारी नामकरण. जाणार नाही.

८ मार्च, शुक्रवार

विहीणबाई हजर — बहीया! हातात पातेलं, चिंचेच्या रसातले मांसाचे गोळे. "आधी खा, मग भांड."

"मेलेल्या बाईला कशाला जेवण?"

"अगं, आमच्यात जित्याचंच नाव देतात, मान म्हणून. पहिल्या नातीच्या नावावर हक्क माझा होता. सोडला मी."

"माझ्यासाठी? उपकार नकोत."

बहीया खुर्चीत बसली. "तुझ्यासाठी नाही गं बाई. गेल्या वर्षी तिर्झाला मुलगा झाला होता. आठवडाही जगला नाही. नेहामा नाव तिनंच मागितलं. मुलाचं तुला सांगू नका म्हणाली. 'आई म्हणेल, बघ, मी सांगितलं होतं!'"

म्हटलं असतं मी. तेच म्हटलं असतं.

शब्बाथचे दिवे लावायची वेळ झाली, आता लिहिता येणार नाही. पुरे.

१० मार्च, रविवार

काल नामकरणाला गेले. मला बघून तिर्झा बाळाला उराशी धरून रडायला लागली. मी म्हटलं, "तिच्या अंगावर नको रडूस. इकडे ये, माझ्या अंगावर रड."