अबोल्याचं रेकॉर्डिंग

१४ ऑक्टोबर २००७, सकाळी सव्वासात
ठरलं. बदला. येत्या मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रेला.
शत्रू : साडभाऊ ओमेश्वर, बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. २ मे २००४, साळ्याचं लग्न. मी स्वतः दुरुस्त केलेला वॉकमन स्पीकर जोडून पाहुण्यांना ऐकवत होतो. भरमांडवात हा म्हणाला, का जी साडभाऊ, हे वाजून राहिलं का रडून राहिलं? अख्खा मांडव हसला. त्या दिवसापासून त्याच्याशी अबोला. साडेतीन वर्षं झाली, एक शब्द नाही. तो आतून पोखरला गेला असणार. मागच्या दिवाळीत बारीक दिसला.
पण नुसत्या अबोल्याने माणूस संपत नाही. म्हणून प्लॅन. माझ्याकडे लाल बटणाचा, रेकॉर्डिंगवाला जुना वॉकमन आहे. मंडईला सासरी, कामठ्याला, सगळे जमतात. माझ्या पाठीमागे तो मला काय काय बोलतो ते टेप करायचं. संध्याकाळी सर्वांसमोर वाजवायचं.

१५ ऑक्टोबर
वॉकमन उघडला. बेल्ट वितळून डांबर झालेला. आमगावात बेल्ट मिळत नाही. दुकानदार म्हणाला, आता हे कोन आयकते जी, मोबाईल घ्या. त्याचंही नाव लिहून ठेवलं. आधी साडभाऊ, मग तो.

२१ ऑक्टोबर
सायकलच्या ट्यूबमधून बेल्ट कापला. उत्तम चालतो. फक्त फास्ट. भजनी बुवा बालवाडीतला वाटतो.
बायको, राजकुमारी, म्हणाली, मोरीची कडी तीन महिन्यांपासून निखळून राहिली, ते काऊन नाही करत? बायकांना युद्ध समजत नाही.

२८ ऑक्टोबर
नवीन बेल्ट. स्पीड बरोबर. हेड स्पिरिटने पुसला. रंग उडालेल्या बटणावर लाल नेलपॉलिशचे दोन हात. नेलपॉलिश राजकुमारीची होती, हे तिला संध्याकाळी समजलं. जेवण थंड मिळालं.
जोडल्यावर दोन स्क्रू उरले. कंपनीने जास्तीचे दिले असावेत.

९ नोव्हेंबर, दिवाळी
ओमेश्वर फराळाला आला. बोललो नाही. त्याने घरून आणलेले अनारसे पुढे केले, मी नुसती कडक मान हलवली. तीन घेतले. तो एकटाच बोलत राहिला, धानाबद्दल, तुडतुड्याबद्दल. घाबरलेला माणूस जास्त बोलतो.

१२ नोव्हेंबर
टेस्टिंग. बेल्ट एकदा चालतो, दुसऱ्यांदा घसरतो. म्हणजे एकदा टेप करायचं, मग नवा बेल्ट टाकून एकदाच वाजवायचं. ट्यूब संपली आहे, दोनच बेल्ट शिल्लक. रिवाइंड पेन्सिलीने.
राजकुमारी म्हणाली, लोकायसमोर वाजवाच्या पहिले तुम्ही तं आयकून घ्या. मी म्हटलं, गरज नाही. तो काय बोलणार ते मला तोंडपाठ आहे.

१३ नोव्हेंबर, कामठा, दुपारी एक
छपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, कोनाड्यात वॉकमन ठेवला. वर दुपट्टा. लाल बटण दाबलं. मंडईत जाऊन येतो, असं तीनदा मोठ्याने सांगितलं. तासाभराने आलो तर नव्वदची कॅसेट, एक बाजू पूर्ण भरून बटण आपोआप उठलेलं. फत्ते! बेल्ट बदलला. आज त्याचा शेवटचा सुखाचा दिवस.

१४ नोव्हेंबर, आमगाव
काल संध्याकाळी स्पीकर जोडून वाजवला. सासरे, सासूबाई, दोघी बहिणी, तो. सगळे छपरीत. आवाज एकदम स्वच्छ आला, हे नोंदवून ठेवतो.
म्हशीचा पाय. धानकापणीला माणसं मिळत नाहीत. रात्री मंडईत दंडारीचा खेळ कोणाचा. सासरे खूश, म्हणाले, अरे हा तं माहाच आवाज! सासूबाईंनी स्वतःचं खोकणं ओळखलं. मी हात वर करून म्हटलं, थांबा, पुढे ऐका. चाळीस मिनिटं माझं नाव नाही.
मग टेपमध्ये सासरे विचारतात, का जी ओमेश्वर, धाकटे जवाई तुमच्याशी बोलत नाही म्हन्ते?
त्याचा आवाज : कोन म्हन्ते? मले तं मालूम नाही बापा. ते पहिलेपासूनच कमी बोलतेत. चांगला मानूस आहे.
आणि पुन्हा म्हैस.
टेप संपली. ओमेश्वर माझ्याकडे वळला. चेहरा उतरलेला. म्हणाला, खरंच बोलून नव्हते राहिले का जी? कवापासून?
मी म्हटलं, २ मे २००४.
काऊन, म्हणाला. मी सांगितलं, मांडव, वॉकमन, रडून राहिलं. त्याने डोळे मिटून बराच वेळ आठवून पाहिलं. नाही आठवलं. तरी सर्वांसमोर हात जोडून माफी मागितली. मला असं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.
बसमध्ये राजकुमारी म्हणाली, चला, बोलले तं सही. तेव्हा डोक्यात उजेड पडला. तारीख मी सांगितली. म्हणजे अबोला मोडला तो मीच. साडेतीन वर्षं किती वेळा जीभ चावून गप्प बसलो, आणि त्या घरात कोणी मला विचारलंसुद्धा नाही की आज गप्प का.