गुरुवारचा गुडघा

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बिल्यानाने दप्तर फेकलं आणि थेट येऊन मला चिकटली. "आई, पुढच्या गुरुवारपासून संध्याकाळी शाळेचा हॉल आपल्यासाठी उघडा! घरच्यांनी यायचं. हातात हात धरून होरो नाचायचा, चेंडू खेळायचा, दोरीवरच्या उड्या! आणि तोनेवा बाई म्हणाल्यात, नुसतं बघायला कोणी यायचं नाही."

तोनेवा बाई त्यांना व्यायाम शिकवतात. सडपातळ, चपळ. त्यांना काय जातंय बोलायला!

"बघू," म्हटलं.

"म्हणजे नाही," बिल्याना म्हणाली. नऊ वर्षांची आहे, पण माझं 'बघू' तिला बरोबर कळतं.

१६ फेब्रुवारी

दोन दिवस तेच आठवतंय. गेल्या वर्षी शाळेच्या मेळाव्यात पालकांची पोत्यात पाय घालून शर्यत होती. मी आडवी झाले आणि पँट मागून टरकन फाटली. दिवसभर कारखान्यात लोकांच्या पँटी शिवणारी मी! बिल्यानाच्या वर्गातल्या पोराची आई, ती देसिस्लावा, फोनवर सगळं टिपत होती. "अगं हस ना रुम्याना, गंमत चाललीय!" हसले की मीही. बिल्याना तेवढी हसली नाही. अंगातलं जॅकेट काढून तिने माझ्या कमरेला बांधलं.

पुन्हा त्या हॉलमध्ये? मेले तरी नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गेले. पोरीने हाताला धरून नेलंच.

दारातच तोनेवा बाई — "या, या! कोट काढा, साखळीत शिरा!" आतून अकॉर्डियनचा आवाज. देसिस्लावा घट्ट चड्डीत उड्या मारतेय. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा गुडघा... डॉक्टरांनी मनाई केलीय."

कुठला डॉक्टर? कसली मनाई?

बाई ओशाळल्या. "अरेरे, मला ठाऊकच नव्हतं!" पण बिल्याना! गर्रकन वळली. "तू मला सांगितलं का नाहीस?" डोळ्यांत पाणी.

मी बाकावर बसून राहिले. ती कुणाच्या तरी बापाचा हात धरून नाचत होती. किती सुंदर नाचते माझी पोर. टाच जमिनीला लागत नाही तिची. मधूनच माझ्याकडे बघायची — माझ्या गुडघ्याकडे.

२१ फेब्रुवारी

औषधांच्या दुकानातून गुडघ्याला घालायचा पट्टा आणला. आता घालणं आलंच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

तोनेवा बाईंनी हॉलच्या एका बाजूला खुर्च्यांचं रिंगण मांडलं होतं. माझ्यासाठी! बसल्या बसल्या पायाने चेंडू ढकलायचा, हातांनी फुगा वर ठेवायचा. कुणाची तरी कालिंका आजी काठी टेकत आली आणि शेजारच्या खुर्चीत धपकन बसली. "या पायांनी लग्नात तीन गावं दमवली होती गं. आता ऐकत नाहीत मेले." अजून दोघं-तिघं आले. खेळ रंगला. मलाही घाम फुटला, मी हसले, चक्क ओरडले!

शेवटी बाईंनी सगळ्यांना थांबवलं. "हे सुचलं ते रुम्यानाताईंमुळे. दुखणं असूनही त्या आल्या." टाळ्या! देसिस्लावाही टाळ्या वाजवत होती. आजींनी माझा गाल कुरवाळला.

घरी येऊन बघते तर पट्टा डाव्या पायाला. गेल्या वेळी मी उजवा गुडघा धरला होता. कुणाच्या लक्षात आलं असेल का?

१ मार्च

मार्चचा पहिला दिवस; वर्षभर तब्येत चांगली राहावी म्हणून आज सगळं गाव लाल-पांढरे दोरे बांधून हिंडतंय. बिल्यानाने स्वतः वळलेला दोरा माझ्या मनगटाला नाही, गुडघ्याच्या पट्ट्याला बांधला. "तुझा पाय बरा व्हावा म्हणून." गाठ मारताना जीभ बाहेर काढून बसली होती.

माझा नवरा प्लामेन दारात उभा राहून दात काढत होता. काल शिडीवर चढून पडदे लावताना बघितलंय त्याने मला. "काय महाराणी, गुडघा काय म्हणतोय?"

ती गेल्यावर म्हटलं, "सांगून टाकू का तिला?"

"आता? आणि काय सांगशील?"

पट्टा तसाच ठेवला.

१३ मार्च, गुरुवार

खुर्च्या वाढल्यात. मला गुरुवारची वाट बघावीशी वाटते, हे कुणाला सांगू? कारखान्यात पोटमाळ्यावरून कापडाचे गठ्ठे उतरवते मी, आणि इथे तोनेवा बाई मला हात देऊन उठवतात.

२४ मार्च

सकाळी बिल्याना पलंगावरून उतरली ती लंगडत. "आई, गुडघा दुखतोय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तीच चाल! जिन्यावर मी धरते तसाच कठडा धरून!

"कोणता?"

"उजवा."

उजवाच. मी म्हटलं, "सोंगं करू नकोस. उशीर होतोय." दुपारी शाळेतून आली तेव्हा नीट चालत होती. बघ! — म्हटलं मनात.

२७ मार्च, गुरुवार

होरो सुरू झाला आणि बिल्याना साखळी सोडून माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. जिला घरात धड दोन मिनिटं बसवत नाही ती!

तोनेवा बाई आल्या. तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "थोडा गरम लागतोय. डॉक्टरांना दाखवा एकदा."

"काही नाही हो, माझी नक्कल करते," मी म्हटलं. वर हसले. लाडात म्हणतात तसं.

डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांनी सांगितलं, काही झालेलं नाही, ही आईचं बघून शिकलीय — मग? ते मला ऐकायचं नव्हतं.

घरी मी तिच्यावर ओरडले. "खोटं बोलणाऱ्या मुली मला आवडत नाहीत!" हे मी बोलले. मी! पट्टा काढता काढता.

२ एप्रिल

सकाळी लंगडते, दुपारी बरी असते. प्लामेन म्हणतो, "पोरगी आईवर गेलीय." मी ताटली आपटली.

आज तिने कुरकुर केली नाही. मोजे घालताना नुसती ओठ चावत होती. मी दुसरीकडे बघितलं.

१० एप्रिल, गुरुवार

कारखान्यात शाळेतून फोन. जिन्यात बिल्याना बसली ती उठेचना.

इस्पितळात पोचले तर तोनेवा बाई तिला मांडीवर घेऊन बसलेल्या. तिच्या पँटचा पाय वर केलेला. गुडघा बनपावासारखा टम्म फुगलेला. माझ्याच घरात होता हा गुडघा. मी रोज रात्री त्यावर पांघरूण घालत होते.

डॉक्टर माझ्याच वयाची बाई. म्हणाली, "सांध्याला सूज आहे, आत पाणी साचलंय. लहान मुलांना होतो असा संधिवात. सकाळी जास्त आखडतो, दिवसा सैल होतो. कधीपासून तक्रार करतेय?"

तोनेवा बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग परवडला असता.

"मला वाटलं..." म्हटलं.

"औषधांनी आटोक्यात येईल," डॉक्टर म्हणाली. "लवकर आणायला हवं होतं."

बाहेर पॅसेजमध्ये मी तोनेवा बाईंना सगळं सांगितलं. गुडघा, पट्टा, सगळंच. भिंतीकडे तोंड करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला नका सांगू. जिला सांगायचं तिला सांगा."

११ एप्रिल

सुईने पाणी काढलं. बिल्याना रडली नाही, माझं बोट पिळत राहिली. संपल्यावर विचारलं, "आई, तुलाही इतकं दुखतं?"

"नाही गं," म्हटलं. "माझा गुडघा कधी दुखलाच नाही. मला लाज वाटत होती, म्हणून मी खोटं बोलले. आणि तू खरं सांगत होतीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. आता तोंड फिरवणार, वाटलं.

"म्हणजे," ती म्हणाली, आणि उशीवरून अर्धी उठली, "तुला नाचता येतं?"