दोष बंदुकीचा नव्हता

मी, गोजराबाई, जौजे कैलासवासी जगदेवराव बोडखे, वय सुमारे अठ्ठावन्न, धंदा शेती, राहणार मौजे रिठद, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझी अक्कल शाबूत आहे, डोळे थोडे अधू आहेत, आणि कोणी माझा हात धरलेला नाही. वाशीमच्या वकीलसाहेबांनी कच्चा मसुदा करून दिला, त्यात "राजीखुशीने" असा शब्द होता. तो मी खोडला. राजी आहे, खुशी नाही. रागाने लिहिते, पण शुद्धीवर राहून लिहिते. राग म्हणजे वेड नव्हे, कायद्यातही नव्हे, हे मी वकीलसाहेबांना विचारून घेतले आहे.

यजमानांचे नाव मी संसारात कधी तोंडाने घेतले नाही. या कागदावर घ्यावे लागते म्हणून घेतले.

कलम १. यजमानांच्या वाट्याची जमीन आणि राहते घर यांवर लिहिण्याचा मला हक्क नाही असे वकीलसाहेब म्हणतात. ती कायद्यानेच माझी एकुलती मुलगी विजयमाला हिच्याकडे जाईल. जमीन बाईने जन्मभर राखायची, पण मरताना तिच्याबद्दल एक ओळ लिहायची नाही, हा कायदा ज्याने केला त्याने कधी माचाणावर बसून पिकातले रोही, म्हणजे नीलगायी, हाकलले नसावेत. असो. जमीन पोरीलाच जाते आहे, म्हणून या कलमात जास्त भांडत नाही.

कलम २. माझ्या वडिलांनी कारंज्याहून लग्नात दिलेले दागिने, म्हणजे पुतळ्यांची माळ, गोठ आणि वाकी, विजयमालेला. चांदीचे ताट तिला देऊ नये, ते मोडावे आणि त्यातून गावाच्या विहिरीचा रहाट नवा करावा. या ताटात कुंकू ठेवून मी रुख्मिणीच्या, म्हणजे माझ्या धाकट्या जावेच्या, दारी पोरीच्या लग्नाचे बोलावणे करायला गेले होते. तिने ते ताट पायरीवरूनच परत लावले. म्हणाली, "ज्या बाईनं नवरा खाल्ला तिच्या हातचं कुंकू माह्या घरात नको." ताट घासून घासून पातळ झाले, तरी मला त्यात ते बोलणे दिसते.

कलम ३. बंदूक.

या कलमासाठीच मी लिहायला बसले आहे. वकीलसाहेबांच्या मसुद्यात याला दीड ओळ होती.

बंदूक विलायती, तीस-तीसच्या मापाची, घोड्याखाली दांडी असलेली. दांडी पुढे ढकलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि दुसरे चढते. जंगलखात्यातला एक गोरा साहेब मायदेशी परतताना विकून चालला होता, तेव्हा यजमानांनी ती अकोल्याला घेतली. जुनी घ्या असे मीच म्हणाले होते. नवी मागवायची तर वर्ष गेले असते आणि तोवर रोह्यांनी ज्वारीचे एक कणीस ठेवले नसते. नळी आतून आरशासारखी होती, दांडी लोण्यासारखी फिरत होती. जुनी होती, खराब नव्हती. हे पुन्हा लिहिते, कारण या गावाने मला बरोबर उलटे ऐकवले आहे: जुनी होती, खराब नव्हती.

काडतुसे घ्यायला आम्ही अकोल्याच्या दुकानात गेलो. यजमान, मी आणि माझे दीर इंद्रभान. दुकानदाराने चपट्या नाकाची, मऊ शिशाची काडतुसे पुढे ठेवली. इंद्रभानला टोकदार हवी होती.

"टोकदार गोळी लांब जाते," तो म्हणाला. "चारशे वारावरचं काळवीट पडलं पायजे."

दुकानदाराने बंदूक उलटी करून नळीखालची दुसरी नळी दाखवली. म्हणाला, "पाटील, या बंदुकीत काडतुसं एकामागं एक झोपतात. मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाले टेकते, आन बुडातच बार पेटवणारी टोपी असते. नाक टोकदार असलं आन बार उडाल्याचा झटका बसला, तर ते नाकच टोपीवर खिळा ठोकते. सारी नळी हातात फुटते."

हे मी ऐकले, यजमानांनी ऐकले आणि इंद्रभाननेही ऐकले. तो हसला. "दुकानदार लोक भेवाडतेच," म्हणाला. ते हसणे माझ्या कानात आहे, म्हणून हे कलम दीड ओळीचे होणार नाही.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात त्याच्याकडे बाहेरगावचे पाहुणे शिकारीला आले. यजमानांची बंदूक त्याने मागून नेली. नळीवरची नेम धरायची साधी खाच काढून तिथे लांब पल्ल्याची उभी शिडी बसवून घेतली, आणि कुठल्याशा ओळखीच्या माणसाकडून टोकदार गोळ्यांची काडतुसे भरून आणवली. त्यांचे काळवीट पडले की नाही ते देव जाणे. बंदूक परत आली ती तशीच, भरलेली. यजमानांना एका शब्दाने सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याकडच्या वावरात रोही शिरले. यजमान बंदूक घेऊन गेले. सोबत आमचा राखणदार भाऊसिंग होता, बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, आमच्याकडे वावर राखायला लागून त्याला बरीच वर्षे झाली होती. मी मागून भाकर घेऊन निघाले होते. पहिला बार ऐकला आणि त्याच्या पोटातूनच दुसरा आवाज निघाला, वेगळा, सुके लाकूड चिरल्यासारखा. पोचले तेव्हा यजमान बांधावर बसले होते आणि डाव्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा हात असल्यासारखे पाहत होते. नळीखालचे लाकूड उडाले होते. भाऊसिंगने स्वतःच्या डोक्याचे पागोटे सोडून हात बांधला. मग फुटक्या नळीतून उरलेली काडतुसे काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"बाई, याचं नाक पाहा," तो म्हणाला. "हे आपले नव्हत."

बैलगाडीने वाशीमच्या दवाखान्यात नेले. हात राहिला नाही. मग धनुर्वात झाला. जबडा बसण्यापूर्वी यजमानांनी मला विचारले, "काडतुसं कोणं भरली होती?"

इंद्रभान खाटेच्या पायथ्याशी उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "दादा, बंदूकच जुनी होती. दोष बंदुकीचा."

मरणाऱ्या सख्ख्या भावाला हे उत्तर मिळाले. यजमान माझ्याकडे वळून पाहत राहिले. मी जुनी बंदूक घ्यायला लावली म्हणून हे झाले असे त्यांना वाटले का, हे मला आजही माहीत नाही. ते काही बोलू शकले नाहीत आणि मी त्या खोलीत भांडू शकले नाही. इंद्रभानवर माझा जो राग आहे तो या एका घटकेचा आहे. बाकीचे सगळे त्यावर चढलेले व्याज समजावे.

गावची पोलीस-पाटीलकी तेव्हा त्याच्याकडेच होती. पुराव्याला पाहिजेत म्हणून त्याने माझ्याकडून काडतुसे नेली, आणि पंचनामा झाला तेव्हा काडतुसांचा उल्लेखच नव्हता. बंदूक जुनी, सबब फुटली, एवढेच. भाऊसिंग पुढे होऊन म्हणाला, "मी काढली काडतुसं. माह्या अंगठा घ्या." इंद्रभानने त्याला सर्वांसमोर हुसकले: "तांड्यावरच्याचा अंगठा कोण मानते? चाल, हो मांगं!" आणि गावात झाले असे, की गोजरेने मोडकी बंदूक घ्यायला लावली आणि नवरा खाल्ला.

कलम ४. बंदूक मी विकली नाही, विहिरीत टाकली नाही. विजयमाला म्हणत होती, "आई, ते घरात नको." मी म्हणाले, घरात नको ती खोटी गोष्ट आहे, बंदूक नव्हे. अकोल्याला पाठवून नळीखालची नळी आणि लाकूड नवे करून घेतले. परवाना माझ्या नावावर मागितला. पीक राखायला बाई बंदूक चालवणार म्हणून वाशीमच्या कचेरीत कारकुनांची करमणूक झाली. परवाना मिळेपर्यंत मी त्यांची करमणूक करत राहिले.

इंद्रभानची शिडी मी काढून भंगारात टाकली. माझ्या डोळ्यांना खाच, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी आणि जनावर अशा तीन जागा एकदम दिसेनात, म्हणून डोळ्याजवळ छिद्राची चकती बसवून घेतली. छिद्रातून पाहिले की फक्त माशी आणि जनावर उरते. माशी पितळी होती, ती वाळल्या ज्वारीच्या रंगात हरवायची. ती बदलून हस्तिदंती घेतली. काडतुसे चपट्या नाकाची, मऊ शिशाचीच. कठीण गोळी जनावराच्या आरपार जाते, ते तडफडत पळते, आणि गोळी पलीकडच्या वावरात कोणाला लागेल त्याचा नेम नाही. शंभर पावलांच्या पलीकडे मी कधी बार टाकला नाही. पुढे जो कोणी ही बंदूक वापरील त्याने यातले काहीही बदलू नये. ही विनंती नाही.

परवाना आला त्या हंगामात मी नाल्याच्या दरडीपुढे भोपळे मांडले आणि गावाला बोलावले. बाया तोंडाला पदर लावून लांब उभ्या राहिल्या. बंदूक फुटणार म्हणून पोरांना मागे ओढत होत्या. मी नळी पूर्ण भरली आणि दांडी मारत मारत पूर्ण रिकामी केली. भोपळे राहिले नाहीत, माझे दोन्ही हात राहिले.  संध्याकाळपासून "काकू, आमच्या वावरात रोही हायेत" असे निरोप यायला लागले. मी सगळ्यांच्या वावरात गेले. इंद्रभानच्या गेले नाही. त्याच्या ज्वारीत कळप चरताना बांधावर बसून मी भाकर खाल्ली आहे, आणि ती मला गोड लागली आहे.

कलम ५. हे याच पौषातले आहे. इंद्रभानचा मुलगा उकंडराव, आजोबांच्याच नावाचा, याने नागपूरहून तीस-तीसचीच, दांडीची जुनी बंदूक आणली. पोरगा चांगला आहे, बापाचे बोलणे खरे मानून वाढला हा त्याचा गुन्हा नाही. माझ्या खळ्यावर दाखवायला आला. कमरेला पट्टा होता. मी काडतुसांची नाके पाहिली. टोकदार होती.

"उकंडा, हे कुठून आणले?"

"बाबाच्या संदुकीत पुडकं होतं, काकू. बाबाले नाही सांगतलं."

मी त्याला दुकानदाराचे बोलणे सांगितले. तो हसला, त्याच्या बापासारखा. "काकू, तुमची बंदूकच जुनी होती. बाबा तं असंच सांगते."

"चाल बाबाकडे," मी म्हणाले. भाऊसिंग खळ्यावरच होता, तोही आला. तो उंबरठा मी पंचनाम्यानंतर पहिल्यांदा ओलांडला. इंद्रभान बाजेवर होता, रुख्मिणी तूर पाखडत होती. मी उकंडाकडून पट्टा घेऊन त्याच्यापुढे ठेवला.

"भाऊजी, तुमचा पोरगा हे भरून रोह्यामांगं चालला. तुमी म्हना, दोष बंदुकीचा होता. मी आल्या पायी घरी जाते."

त्याने पट्ट्याकडे पाहिले, मग भिंतीकडे. पोराच्या जिवावर आले तरी तो बोलला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

उकंडराव वैतागला. "काकू उगाच करून राह्यली," म्हणत त्याने पट्टा उचलला आणि दाराकडे निघाला. चालता चालता एक काडतूस काढून बंदुकीत सारू लागला.

तेव्हा इंद्रभान ओरडला. "उकंडा! भरू नको! हात जाईन तुह्या!" आणि मग खाली बसून, अगदी हळू: "दादाचा गेला. काडतुसं माही होती."

रुख्मिणीच्या हातातले सूप पडले. उकंडराव बापाकडे पाहत राहिला. मग त्याने पट्टा भाऊसिंगच्या हाती दिला आणि बापाला न विचारता बाहेर निघून गेला. तो अजून बापाशी बोलत नाही. ती काडतुसे भाऊसिंगने आणि मी वाशीमच्या ठाण्यात जमा केली.

मला वाटले होते, हे ऐकले की माझ्या आतले काही थंड होईल. झाले नाही. ज्यांनी हे ऐकायला हवे होते ते दवाखान्यातून जिवंत परत आले नाहीत.

कलम ६. सबब, ही बंदूक, चकती आणि माशीसह, आणि शिल्लक काडतुसे, भाऊसिंगचा मुलगा धरमसिंग यास द्यावीत. परवाना मिळेपर्यंत बंदूक ठाण्यात ठेवावी. परवाना द्यायला कचेरीने टाळाटाळ केली तर विजयमालेने माझ्यासारखे तिथे जाऊन बसावे. धरमसिंगने सगळ्यांची वावरे राखावीत, इंद्रभानचेही. वैर माझे आहे, ते मी कोणाला वारशाने देत नाही.

कलम ७. इंद्रभान आज माझ्याकडे आला. म्हणाला, "वैनी, मी कबूल केलं ना आता? कागदावर नका आनू. गावात तोंड कसं दाखवू?"

मी म्हणाले, "मी दाखवलं तसं."

मग त्याला वरची सहाही कलमे वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून.  शेवटी त्याने विचारले, "मंग माह्याकडून काय पायजे तुमाले?"

"साक्ष," मी म्हणाले. "ज्याले काही भेटते त्याची साक्ष चालत नाही, असं वकील म्हनते. तुमी पक्के साक्षीदार आहा, भाऊजी. तुमाले मी काहीच देत नाही. माफीबी नाही."

 तो म्हणाला, "उकंडा वाचीन हे?"

"वाचीन."

"मंग द्या इकडं."

भाऊसिंगला बोलावून घेतले; बंदूक त्याच्या मुलाला आहे, त्याला नाही, म्हणून त्याची साक्ष चालते असे वकीलसाहेबांनी सांगितले आहे. हे कलमही वाचून दाखवून मी दोघांच्या समोर सही करते. आधी कोण, यावर इंद्रभानने काही म्हणायच्या आत मी शाईची डबी भाऊसिंगपुढे सरकवली.

हे माझे शेवटचे लिहिणे. यापूर्वी मी असे दुसरे काही लिहिलेले नाही आणि यातला एकही शब्द मागे घेणार नाही.

मुक्काम रिठद, तारीख १७ फेब्रुवारी १९४१.

गोजराबाई जगदेवराव बोडखे, सही दस्तुर खुद्द.

साक्षीदार:

१. भाऊसिंग, राहणार तांडा, मौजे रिठद. डाव्या हाताचा अंगठा.

२. इंद्रभान उकंडराव बोडखे, राहणार रिठद, मयत जगदेवरावांचा सख्खा भाऊ. वरील मजकूर मला वाचून दाखवला. खरा आहे. सही.